नातवाला फुटबॉल क्लबात घालावे का?

गेल्या डिसेंबरातील एक संध्याकाळ. दर महिन्याला रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात येणारे एक निवृत्त शिक्षक तपासणी झाल्यावरही खुर्चीवरून उठेनात. रक्तदाब नेहमीपेक्षा बराच चढलेला होता. गोळ्या वेळेवर चालू होत्या, मिठाचे पथ्यही होते. मग कारण काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, घरात दोन तट पडलेत बघा. नातवाला फुटबॉलच्या क्लबात घालायचं म्हणून सून हटून बसली आहे, आणि यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा आहे म्हणून मुलगा नको म्हणतो. ने-आण मात्र मलाच करायची आहे, म्हणून दोघंही मलाच विचारतात.’’ थोडे थांबून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी पेठेच्या संघाकडून खेळत असे. आधी कॉलेज सुटले, मग गुडघा गेला, आणि पुढची पस्तीस वर्षे तो लंगडतच राहिला. ‘‘पोरगं बॉलमागं धावताना बघितलं की मला भाऊच दिसतो,’’ एवढे बोलून ते गप्प झाले.

त्या दिवशी बाहेर रुग्णांची रांग होती. मी त्यांना रविवारी घरी बोलावले आणि आम्ही तासभर बोललो. त्या तासात जे बोलणे झाले आणि नंतर जे सुचत गेले, ते आपल्यासमोर ठेवीत आहे. आई-वडील दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांत नातवंडांचा सायंकाळचा कारभार आजी-आजोबांकडेच असतो, आणि मैदानाच्या कट्ट्यावर मला पालकांपेक्षा आपल्या वयाचीच मंडळी अधिक दिसतात.

आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न अन्य गावांपेक्षा थोडा निराळा आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींच्या नावाने येथे फुटबॉलचे संघ मैदानात उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे उच्चारली की पेठेतला माणूस ताठ होतो. शाहू स्टेडियमवर महत्त्वाचा सामना असला की त्या दिवशी संध्याकाळी दवाखाना ओस पडतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला आणि त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या आई-वडिलांच्या बोलण्यात ‘अकादमी’ हा शब्द वरचेवर येऊ लागला. पूर्वी मूल गल्लीत खेळे आणि दिवेलागणीला हाक मारली की घरी येई. आता शुल्क, गणवेश, बूट, वेळापत्रक, निवड चाचणी, परगावच्या स्पर्धा असा सगळा संसार त्यामागे येतो. म्हणून मुलाने खेळावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. संघटित क्लबात, कुणाच्या तरी हाताखाली, कोणत्या अटींवर खेळावे, याचा विचार करायचा आहे.

खेळण्याच्या बाजूने बोलायला मला फार शब्द लागत नाहीत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांच्या कात्रीत सापडलेल्या आपल्या नातवंडांची ही साठ मिनिटे कशी भरतात, ते आपण एकदा घड्याळ लावून पाहावे. दिवसाउजेडी उघड्यावर वेळ घालविणाऱ्या मुलांत जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हेही आता चांगले सिद्ध झाले आहे. आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी सांगतो. आपल्यापैकी कित्येकींना हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती असेल. हाडांची ही पुंजी माणूस विशी-पंचविशीपर्यंत साठवतो आणि पुढे आयुष्यभर खर्च करतो. धावणे, उड्या मारणे, झटकन वळणे यांनी ती पुंजी जितकी वाढते तितकी नुसत्या दुधाने वाढत नाही. नात मैदानावर धावते तेव्हा ती तिच्या सत्तरीची तरतूद करीत असते.

आता काळजीची बाजू. धाकट्या भावाच्या गुडघ्याची भीती शिक्षकांच्या मनात होती. पण दहा वर्षांच्या मुलाचा गुडघा आणि पंचविशीतल्या तरुणाचा गुडघा यांत फरक असतो. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती हाडापेक्षा मऊ असते. आठ ते तेरा या वयात टाचेच्या मागे दुखू लागते, तर दहा ते पंधरा या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येतो. पहिल्याला सीव्हर आणि दुसऱ्याला ऑसगूड-श्लॅटर अशी भारदस्त नावे आहेत. नावे ऐकून घाबरू नका. वाढ जोरात चालू असताना स्नायूंचा ताण त्या कूर्चेवर पडतो, एवढाच त्याचा अर्थ. खेळ थोडा कमी केला, मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रोज ताणले, तर बहुतेक मुले वाढ पुरी होताहोता बरी होतात. धोका असतो तो दुखत असताना ‘सामना आहे, जरा सोस’ म्हणून पुढे ढकलण्यात. मूल लंगडत असेल, रात्री दुखण्याने जागे होत असेल किंवा सांधा सुजला असेल, तर मात्र डॉक्टरांकडे यायलाच हवे.

येथे आपल्या पिढीच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलतो. पाय मुरगळला की तेल लावून चोळायचा, नाहीतर हाडवैद्याकडे नेऊन ओढून घ्यायचा, हा आपला जुना रिवाज. मुलांच्या बाबतीत तो सोडून द्या. सांध्याजवळ दुखणारे, सुजलेले हाड वाढीच्या कूर्चेपाशी मोडलेले असू शकते, आणि चोळण्याने ते अधिक सरकते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा, पाय उंच ठेवा, आणि त्या पायावर भार देता येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्या. तसेच आपल्या औषधांच्या डब्यातील गोळी नातवाला कधीही देऊ नका. हृदयासाठी आपण घेता ती ॲस्पिरिनची गोळी मुलांना चालत नाही, आणि आपल्या गुडघेदुखीची गोळीही त्याच्या वजनाला बेतलेली नसते.

गुडघ्यातील मोठी दुखापत, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ फाटला म्हणतात, ती साधारणपणे वयात येण्याच्या सुमारास आणि त्यानंतर दिसते. मुलींत ती मुलांपेक्षा अधिक होते, म्हणून मुलींना खेळू देऊ नये असा निष्कर्ष काही घरांत काढला जातो. तो चुकीचा आहे. जागतिक फुटबॉल महासंघाने तयार करून घेतलेला वीसएक मिनिटांचा ‘११ प्लस’ नावाचा व्यायामक्रम आहे. धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे न वळवता जमिनीवर येणे असे त्यात प्रकार असतात. तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्याला पैसे पडत नाहीत, साहित्य लागत नाही. सरावाआधी प्रशिक्षक हा क्रम घेतो की दोन फेऱ्या मारून लगेच सामना सुरू करतो, हे कट्ट्यावर बसल्याबसल्या आपल्याला दिसेल. मुलींबाबत मला त्याहून मोठी काळजी रक्ताची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. नात लवकर दमते म्हणून तिला खेळातून काढण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झालेली मुलगी खेळत असेल, तर मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, चालत असेल त्या घरी अंडी-मांस, आणि जेवणावर लिंबू, असा आहार हवा. जेवणानंतर लगेच चहा नको; त्याने लोह शरीरात शोषले जात नाही.

आता डोक्याविषयी. हे लिहिताना मला माझी एक चूक कबूल करायची आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मुलांच्या एका स्पर्धेत हौसेने मैदानावरचा डॉक्टर म्हणून मी बसलो होतो. बारा वर्षांचा एक मुलगा उंच चेंडू घेताना दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला. काही क्षण तो गोंधळला, मग उठून उभा राहिला. मी नाव विचारले, त्याने सांगितले. बोटे किती, तेही बरोबर सांगितले. त्याचा संघ एका गोलने मागे होता. प्रशिक्षक माझ्या तोंडाकडे पाहत होते, मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणत होता, आणि मी मान हलविली. उत्तरार्धात तो स्वतःच्याच गोलकडे धावू लागला तेव्हा माझ्या लक्षात आले. पुढे तीन आठवडे त्याचे डोके दुखत होते, वर्गात लक्ष लागत नव्हते, उजेड सहन होत नव्हता. तो पूर्ण बरा झाला, हे माझे नशीब. त्याच्या आजीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते मला अजून लागून राहिले आहे.

मेंदूला बसलेल्या या हादऱ्याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावे लागत नाही. डोके आपटल्यावर मूल गोंधळले, चेहरा पांढरा पडला, तेच तेच विचारू लागले, तोल गेला, डोके दुखले किंवा मळमळले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरायचे नाही. हा नियम आज जगभर मान्य आहे. अंतिम सामना असला तरी तो बदलत नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग आधी शाळा, मग हलके धावणे, मग पायऱ्यापायऱ्याने सराव आणि शेवटी डॉक्टरांच्या परवानगीने सामना, असा परतीचा क्रम असतो; त्याला एक आठवडा तरी लागतोच, बहुधा अधिक. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायातील अशक्तपणा, मान दुखणे किंवा जागे करूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

चेंडू डोक्याने मारण्याबद्दल आजोबा मंडळी आवर्जून विचारतात. २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट निघाले. त्याच खेळाडूंत हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण मात्र कमी होते, हे वर्तमानपत्रांत फारसे येत नाही. जन्मभर पोटासाठी खेळलेल्यांचा हा हिशेब आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही सावधगिरी म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली, आणि इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून तो प्रकार काढला. आपल्या क्लबाचा प्रशिक्षक आठ वर्षांच्या मुलांना रांगेत उभे करून डोक्याने चेंडू मारायला लावीत असेल, तर त्याला नम्रपणे हे सांगा. तो ऐकत नसेल, तर क्लब बदला.

माझ्या मते शरीराच्या दुखापतीहून अधिक नुकसान अतिरेकाने होते. दहाव्या वर्षी मुलगा सकाळी फिटनेस, संध्याकाळी सराव, रविवारी सामना अशा चक्रात सापडतो. पोहणे सुटते, लंगडी-खोखो सुटते, आणि चौदाव्या वर्षी तो बूट कोपऱ्यात फेकून देतो. आठवड्याचे संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, असा एक सोपा आडाखा क्रीडावैद्यकात वापरतात. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दहा तासांपेक्षा कमी. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून काही महिने दुसरा खेळ हवा. एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबविणेच बरे. झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री साडेदहाला झोपवून पहाटे पाचला सरावासाठी उठविलेले मूल ना धड खेळते ना धड शिकते. मुलगा नको म्हणत होता त्या शिष्यवृत्ती परीक्षेचे उत्तर यातच आहे. तासभर खेळून आलेले, रात्री नीट झोपलेले मूल अभ्यासात मागे पडते, असे मी तीस वर्षांत पाहिलेले नाही. तीन तासांचा प्रवास आणि सराव करून आलेले मूल मागे पडते, हे मात्र पाहिले आहे.

निवडीबद्दल थोडे. वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच गटात येतात, आणि निवड करणाऱ्याला मोठे मूल हुशार वाटते. जगभर हे दिसून आले आहे. आपला नातू वर्षाच्या अखेरीस जन्मलेला असेल आणि अकराव्या वर्षी संघाबाहेर बसत असेल, तर ‘याच्यात दमच नाही’ असा निकाल देऊ नका. आणि कुणी जन्माचा दाखला ‘जरा मागेपुढे’ करून देण्याची तयारी दाखविली, तर त्या दारातूनच परत या. ते कायद्याने चूक तर आहेच, शिवाय मनगटाच्या तपासणीत हाडांचे वय बाहेर पडते आणि पोराच्या कपाळावर शिक्का बसतो.

क्लब कसा ओळखावा? जाहिरात वाचून नव्हे. नाव घालण्यापूर्वी दोन संध्याकाळी, न सांगता, मैदानाच्या कडेला जाऊन बसा. मुले किती वेळ खरोखर चेंडूशी असतात आणि किती वेळ रांगेत उभी असतात? चुकलेल्या मुलाशी प्रशिक्षक कोणत्या भाषेत बोलतो? पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी कपडे बदलायची बंद जागा आहे का? लहान मुलांना लहान चेंडू दिला आहे का? आठ वर्षांखालील मुलांना तीन क्रमांकाचा, त्यापुढे बारापर्यंत चार क्रमांकाचा, हे साधारण प्रमाण आहे. नडगीला संरक्षक पट्टी न बांधता सामना खेळू देत असतील, तर ते नियमाविरुद्ध आहे. परगावच्या स्पर्धेला जाताना मुलांबरोबर किती मोठी माणसे असतात, ती कुठे झोपतात, मुलींबरोबर स्त्री असते का, हे संकोच न करता विचारा. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे उलट विचारणाऱ्या क्लबावर विश्वास ठेवू नये. मूल एखाद्या माणसाजवळ जायला अचानक नकार देऊ लागले, तर ते लाड म्हणून उडवून लावू नका. शांतपणे ऐकून घ्या. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

एक तपासणी मात्र मी आग्रहाने सांगतो. खेळताना मूल कधी चक्कर येऊन पडले आहे का, छातीत दुखले आहे का, आणि आपल्या घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांना बहुधा माहीत नसते. ते आपल्यालाच ठाऊक असते. ‘मोठा भाऊ तरणाताठा, विहिरीवर पोहता पोहता गेला’ अशी गोष्ट घराण्यात असेल, तर ती डॉक्टरांना सांगा. हृदयाचे काही आजार रक्तातून चालत येतात आणि साध्या आलेखात त्यांचा माग लागू शकतो. २०२१ च्या युरोपियन स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन सामना चालू असताना मैदानावरच कोसळला आणि जागच्या जागी छाती दाबून, विजेचा झटका देऊन त्याला वाचविले, हे अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिले असेल. छाती दाबण्याचे तंत्र प्रशिक्षकाला येते का, हा प्रश्नही विचारायला हरकत नाही.

कट्ट्यावर बसणाऱ्यांसाठी एवढेच, की उन्हाळ्यात चारच्या उन्हात बसू नका. मुलांनाही साडेपाचच्या आत मैदानात उतरवू देऊ नका. पाण्याची बाटली दोघांची वेगळी. घामाघूम झालेल्या मुलाला रंगीत पेये लागत नाहीत. पाणी, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा ताक पुरते. आणि कट्ट्यावरून ओरडून सूचना देऊ नका. प्रशिक्षक एक सांगतो, आजोबा दुसरे, आणि मूल मध्येच उभे राहते. घरी येताना ‘किती गोल केलेस?’ याऐवजी ‘आज मजा आली का?’ असे विचारून पाहा. मजा आली नाही, असे महिनाभर रोज उत्तर येऊ लागले, तर भरलेल्या शुल्काकडे न पाहता खेळ थांबवावा.

शिक्षकांच्या घरी अखेर ठरले ते असे : आठवड्यातून तीन संध्याकाळ, घरापासून दहा मिनिटांवरचा साधा क्लब, परीक्षा होईपर्यंत परगावची स्पर्धा नाही. मोठ्या अकादमीचे चकचकीत पत्रक सुनेने स्वतःच बाजूला ठेवले. नातू खेळतो तेवढ्या वेळात आजोबा मैदानाभोवती फेऱ्या मारतात. मार्चमध्ये त्यांचा रक्तदाब १३४/८२ होता. धाकटा भाऊ एकदा काठी टेकीत सराव पाहायला आला, असे त्यांनी सांगितले. तो आला, मुलांकडे न पाहता सरळ गोलच्या खांबाजवळ गेला आणि हाताने खांब हलवून पाहिला. खांब जमिनीत पुरलेला नव्हता, नुसता उभा केलेला होता. त्याने प्रशिक्षकाला बोलावून दाखविले, अंगावर पडला तर पोर जायचे म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गोलच्या मागे वाळूची पोती ठेवलेली होती, आणि आता दर आठवड्याला तो ती तपासायला येतो.